सूर्य काळवंडतो तेव्हा

(आपल्या कार्याच्या सहायकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



२ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये ते खग्रास दिसेल. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी खंडग्रास दिसेल. ते जवळ आले की आम्ही ज्या पाड्यांवर काम करतो तिथे गरोदर बायांची काळजी सुरू होईल. म्हणून ग्रहणाबद्दल आपला विश्वास काय सांगतो, हे आज तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून करू. आजूबाजूची राष्ट्रे सूर्याला देव मानत होती. इजिप्तमध्ये तो रा होता, बाबेलमध्ये शमाश. पवित्र शास्त्र मात्र त्याला फक्त मोठी ज्योती म्हणते, आणि ती देवाने चौथ्या दिवशी केली असे सांगते. जी वस्तू देवाने निर्माण केली तिची सेवा घ्यायची, तिला भ्यायचे नाही. यिर्मयाच्या दहाव्या अध्यायात हेच आहे: आकाशातील चिन्हांना इतर राष्ट्रे घाबरतात, तुम्ही घाबरू नका.

मंडळीला हा धडा पुन्हा पुन्हा शिकवावा लागला. पाचव्या शतकात इटलीतील तुरिन शहरात मॅक्सिमस नावाचे बिशप होते. चंद्रग्रहणाच्या वेळी लोक चंद्राला वाचवण्यासाठी आरडाओरडा करत. त्यांत ख्रिस्ती लोकही होते! बिशपांनी उपदेशात त्यांना खडसावले की, आपण केलेल्या ज्योतींचे रक्षण करायला देवाला तुमच्या ओरडण्याची गरज पडते काय? तेव्हा पाड्यावरच्या लोकांना हसण्यापूर्वी आपलेही पूर्वज आठवू या.

आता तुम्ही विचाराल, वधस्तंभाच्या वेळी अंधार पडला होता, ते ग्रहण नव्हते का? मत्तय, मार्क आणि लूक तिघेही सांगतात की सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत, म्हणजे दुपारी बारापासून तीनपर्यंत, अंधार पडला. लूकने वापरलेला ग्रीक शब्द ग्रहणासाठीही वापरला जात असे. त्यामुळे पुष्कळांना ते ग्रहण वाटले.

पण पाड्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, सूर्याला ग्रहण कधी लागते? तो सांगेल, अवसेला. येशूला वधस्तंभावर खिळले ते वल्हांडणाच्या सणात, आणि वल्हांडण येतो पौर्णिमेच्या सुमारास. त्या दिवसांत चंद्र पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असतो, तो सूर्याच्या आड येणार कसा? शिवाय खग्रास अवस्था एका ठिकाणी साडेसात मिनिटांपेक्षा जास्त टिकतच नाही, आणि इथे अंधार तीन तास होता. हा मुद्दा आजच्या विज्ञानानेच काढला असेही नाही. तिसऱ्या शतकात युलियस आफ्रिकानुस या ख्रिस्ती इतिहासकाराने तो मांडला होता. कोणी तरी त्या अंधाराला सूर्यग्रहण म्हटले होते, त्याला त्याने वल्हांडण आणि पौर्णिमा दाखवून उत्तर दिले. विश्वास आणि हिशेब यांचे वैर नाही, हे आपल्या मंडळीला इतक्या पूर्वीपासून ठाऊक आहे.

मग त्या अंधाराचा अर्थ काय? त्यासाठी आमोस संदेष्ट्याकडे जावे लागते. त्याच्या आठव्या अध्यायात भर दुपारी सूर्य मावळेल असे देव म्हणतो. आमोसाच्या काळी, इ.स.पू. ७६३ च्या १५ जूनला, मोठे सूर्यग्रहण झाले होते आणि अश्शूरच्या राजनोंदीत त्याचा उल्लेख आहे. काही अभ्यासकांना वाटते की आमोसाच्या मनात तेच चित्र असावे. ते असो. मला महत्त्वाचे वाटते ते त्याच्या आधीच्या वचनांत आहे. तिथे व्यापारी आहेत. त्यांचे माप लहान, वजन खोटे, धान्यात भुसा मिसळलेला. जोडाभर वहाणांसाठी ते गरिबाला विकत घेतात. दुपारचा अंधार येतो तो या पापामुळे.

जंगलातला मोह आणि डिंक कोणत्या तराजूने मोजला जातो, उचल देऊन ऊसतोडीला नेलेल्या कुटुंबाच्या हाती हंगामाअखेर काय उरते, हे आमचे लोक जाणतात. आमोस त्यांना परका वाटत नाही.

त्याच ठिकाणी आमोस म्हणतो की तो शोक एकुलत्या एका पुत्रासाठी केलेल्या शोकासारखा असेल. दुसऱ्या शतकातील बिशप इरेनियस यांनी हे वचन वधस्तंभाच्या अंधाराशी जोडले, ते योग्यच वाटते. न्यायाचा जो अंधार खोटे माप वापरणाऱ्यांवर यायचा होता, त्यात देवाचा एकुलता पुत्र स्वतः उभा राहिला. त्या तीन तासांनंतर कोणत्याही अंधाराला निष्पाप माणसावर दोष ठेवण्याचा अधिकार उरला नाही.

हे मी इतके ठासून सांगतो, कारण आमच्या भागात तो दोष आजही एका बाईवर ठेवला जातो.

२०२२ च्या दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, ग्रहण लागलेलाच सूर्य मावळला. त्या संध्याकाळी एका पाड्यावर आठवा महिना लागलेली मुलगी मला अंधाऱ्या खोलीत पडलेली दिसली. दुपारपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. सासू वाईट नव्हती, उलट काळजीनेच उशाशी बसली होती. तिच्या पुतणीचे बाळ दुभंगलेल्या ओठाचे जन्मले होते. ग्रहणात हिने विळी हातात घेतली असणार, असे सगळे म्हणाले आणि त्या पोरीला माहेरी धाडले.

बंधुभगिनींनो, बाळाचा ओठ आईच्या पोटात चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. तेव्हा पुष्कळ बायांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. आठव्या महिन्यातले ग्रहण त्या ओठाला काय करणार? काही वेळा ते आनुवंशिक असते, काही वेळा आजार, औषधे किंवा तंबाखूचा धूर कारण ठरतो, आणि अनेकदा कारण सापडतही नाही. विळीचा त्यात काही संबंध नाही. उपाशीपोटी आणि तहानेने मात्र गरोदर बाईचे खरेच नुकसान होते.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानाच्या नवव्या अध्यायात येशूचे उत्तर आहे: दोघांचेही नाही. आणि तो तिथे थांबला नाही, त्याने त्या माणसाला दृष्टी दिली. आमचे काम याच क्रमाने चालते. आधी आईवरचा दोष काढायचा, मग उपचार.

उपचार आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेल्या ओठाची आणि टाळूची शस्त्रक्रिया मोफत होते. ओठाची पहिल्या वर्षात आणि टाळूची दीड वर्षाच्या आत करणे बरे. तोवर बाळाला अंगावर पिता येत नसेल तर काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजावे लागते, नाहीतर ते कुपोषणानेच दगावते. शस्त्रक्रिया मोफत, पण एसटीचे भाडे, शहरातले चार दिवस आणि बुडालेली मजुरी मोफत नसते. तुमचे दान तिथे उपयोगी पडते.

शेवटी तीन विनंत्या. ग्रहणाच्या दिवशी आपल्या घरातल्या गरोदर सुनेला पोटभर जेवू घाला. ही भीती शहरातल्या ख्रिस्ती घरांतूनही अजून गेलेली नाही. मुलांना ग्रहण जरूर दाखवा, पण उघड्या डोळ्यांनी नव्हे, खास चष्म्यातून. आणि ज्या आया आजही माहेरी दोष सोसत बसल्या आहेत, त्यांची नावे प्रार्थनेत घ्या. ती नावे आमच्या कार्यकर्त्यांकडे आहेत.

देव आपला सूर्य चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच उगवतो. तोच देव तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.