गाडीचं दुखणं ओळखणाऱ्या लेकी
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं मार्गदर्शन)

तायांनो, मावश्यांनो, आणि आज मुद्दाम बोलावलेल्या दहावी-बारावीच्या मुलींनो!

शिवण, शेवया, शेळ्या यांवर आपण नेहमी बोलतो. आज गाडीवर बोलू.

गॅरेजचं नाव काढलं की घरातून उत्तर येतं, "ते पुरुषांचं काम, अंगात ताकद लागते." जुन्या गाड्यांच्या बाबतीत ते बरंचसं खरं होतं. पण १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाला. आता इंजिनात पेट्रोल किती जातं, धूर कसा निघतो, यावर गाडीतला छोटा कॉम्प्युटर लक्ष ठेवतो. बिघाड झाला की समोर पिवळा दिवा लागतो. मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडून कोड वाचायचा आणि बिघाड शोधायचा. हे काम करणाऱ्याला म्हणतात डायग्नोस्टिक टेक्निशियन.

आता नीट ऐका, खरी विद्या इथेच आहे. थर्मामीटर ताप सांगतं. मलेरिया की टायफॉइड, हे सांगत नाही. स्कॅनरचंही तसंच. समजा 'पी ०१७१' असा कोड आला. अर्थ एवढाच की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. पण का? कुठे पाइप फुटून जास्तीची हवा शिरत असेल, पेट्रोलचा पंप कमजोर झाला असेल किंवा हवा मोजणारा सेन्सर घाण झाला असेल. कच्चा मेकॅनिक सरळ महागडा सेन्सर बदलतो, आणि गाडी पुन्हा तशीच! पक्का कारागीर आधी पाइप तपासतो, दाब मोजतो, मल्टिमीटर लावतो. इथे धीर लागतो, वाचन लागतं, टिपण लागतं. बायांनो, गटाचा हिशोब रुपयाला रुपया जुळवणाऱ्या आपण. हे आपल्याला जमणार नाही?

मग वाट कशी धरायची?

पहिली पायरी, आयटीआय. दहावीनंतर 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' हा २ वर्षांचा ट्रेड आहे, 'मेकॅनिक डिझेल' १ वर्षाचा. सरकारी आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन असतो. निकाल लागायच्या आधीच जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा.

दुसरी, अप्रेंटिसशिप. इथे शिकता शिकता विद्यावेतन मिळतं. मुलीला नुसतं गाड्या धुवायला ठेवलं तर तिने गप्प बसू नये. स्कॅनर हातात मागावा, वायरिंगचे नकाशे वाचायला मागावेत.

तिसरी, स्वतःची वही. रोजच्या गाडीची तक्रार, आलेला कोड, काय मोजलं, कारण काय निघालं, हे लिहून ठेवा. दोन वर्षांची अशी वही मुलाखतीत मार्कशीटपेक्षा जास्त बोलते.

चौथी, पुढची चढण. २ वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ग्राहकाशी बोलणं जमत असेल तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होता येतं. शिकवायची आवड असेल तर प्रशिक्षकाचा कोर्स करून आयटीआयमध्ये शिकवता येतं. इलेक्ट्रिक गाड्यांचं कामही वाढतंय. पण एक सांगते, प्रशिक्षण आणि रबरी हातमोज्यांशिवाय त्या बॅटरीला हात लावायचा नाही. तो करंट जिवावर बेततो.

स्वतःचं गॅरेज? जरूर काढा, पण आधी दोन-तीन वर्षं दुसऱ्याकडे हात बसू द्या. मोबाइलला जोडायचा साधा कोड रीडर स्वस्तात येतो, त्यावर सराव करा. मोठा स्कॅनर घ्यायच्या आधी आपल्या भागात कोणत्या कंपनीच्या गाड्या जास्त आहेत ते मोजा.

आयांनो, तुमची काळजी मला कळते. संध्याकाळी पोरगी घरी कशी येणार, तिथे बाई कोणी आहे का, लोक काय म्हणतील? लोकांचं सोडा, बाकीचे प्रश्न रास्त आहेत. ते गॅरेजमालकाला तोंडावर विचारा. संडास आहे का? सुट्टी किती वाजता? पगार बँकेत जमा होतो का? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी, असा २०१३ चा कायदा आहे. लहान गॅरेज असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

शेवटचं बोलते, राग मानू नका. मुलीच्या लग्नाला कर्ज मागितलं की आपल्या गटात ठराव पाच मिनिटांत होतो. तिच्या फीसाठी, पाने-मल्टिमीटरसाठी मागितलं की "परत कधी करणार?" हा प्रश्न निघतो. दोन्ही कर्जांना एकच प्रश्न विचारू या. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या दहावीच्या मुलींची यादी आणायची आहे. अर्ज भरायला मी आणि तुमच्या सीआरपी ताई सोबत बसू.