शंखातलं बिऱ्हाड



आज एका करंगळीएवढ्या माशाबद्दल बोलायचं आहे. निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅसिएटस हे त्याचं शास्त्रीय नाव. पाळणारे नुसतं ‘मल्टी’ म्हणतात. कूळ सिक्लिड, म्हणजे उजनी धरणातल्या चिलापी माशाचा हा लांबचा भाऊबंद. पण वाढून वाढून नर पाच सेंटीमीटरच्या आसपास, मादी त्याहून लहान. फिकट अंगावर बारीक तपकिरी उभे पट्टे.

त्याचं गाव पूर्व आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर. लांबी सुमारे ६७० किलोमीटर, सर्वाधिक खोली सुमारे १,४७० मीटर. तिथल्या पाण्यात क्षार भरपूर, त्यामुळे गोगलगाय मेली तरी तिचा शंख विरघळत नाही. शेकडो वर्षांचे लिंबाएवढे शंख तळाशी साठून त्यांची पठारं झाली आहेत. या रिकाम्या शंखांत मल्टी बिऱ्हाड करतो. अंडी आत, पिल्लं आत, मोठा मासा आला की सगळे आत.

माझ्या टाकीत मी बारीक वाळू पसरून त्यावर वीसेक शंख ठेवले होते. दुसऱ्या दिवशी पाहतो तर एक मासा वाळूचा घास तोंडात भरतोय, वीतभर लांब जाऊन सोडतोय, परत येतोय. दिवसभर हेच. आठवड्यात शंख खड्ड्यात नीट बसले आणि प्रत्येकाचं तोंड मोकळं झालं. मी एक शंख जागचा हलवला, तर त्यातली चिमुकली मादी थेट माझ्या बोटावर धावून आली!

म्हणून दुकानात हे मासे उघड्या काचेवर, प्लॅस्टिकच्या किल्ल्याशेजारी ठेवलेले दिसले की जीव तुटतो. ते कोपऱ्यात गोठून बसतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, यात बघण्यासारखं काय आहे? वाळू आणि शंख देता येत नसतील तर मल्टी आणूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्याचीही काळजी हवी. धरणाचं मऊ पाणी त्यांना मानवत नाही. आपल्याकडे ज्या बोअरच्या जड पाण्याला आपण नावं ठेवतो, ते त्यांना जास्त जवळचं.

यांची पिल्लं मोठी होऊन लगेच पांगत नाहीत. थोरली भावंडं शेजारच्या शंखात असतात, तोवर आईच्या शंखात नवी वीण निघालेली असते. सकाळी दिवा लावला की शंखाच्या तोंडाशी तांदळाच्या कणीएवढी चार-पाच पिल्लं दिसतात. काचेवर माझी सावली पडली, की आत.