सही कोणाची लागते?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या मैत्रिणींनी मागितलं, म्हणून छापत आहोत.)



गर्भपाताच्या कायद्यावर बोलणार म्हटल्यावर काही जणींनी पदर तोंडाला लावला, ते मी पाहिलं. मलाही अवघड जातंय. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे "तुला गं काय कळतंय यातलं" हे तीन गावांत ऐकून झालंय. पण मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, तिथूनच सुरुवात करते.

महिला दिनाला आपण एका गावात फेरी काढली होती. घोषणा मी लिहिल्या होत्या. "गर्भपात पाप आहे, कायद्याने गुन्हा आहे." पोरींनी गावभर म्हटल्या. मला म्हणायचं होतं, मुलगी आहे म्हणून गर्भ पाडू नका. पण पुठ्ठ्यावर मावेना, म्हणून 'मुलगी आहे म्हणून' एवढे तीन शब्द मी गाळले.

त्या फेरीत आपल्या गटातली एक ताई चालत होती. तिला दोन महिन्यांचे दिवस होते. धाकटं लेकरू अजून अंगावर पीत होतं. तिला आणखी मूल नको होतं. मुलगा की मुलगी हा प्रश्नच नव्हता, सोनोग्राफी केलेलीच नव्हती. अंगात ताकद नव्हती, एवढंच. दुसऱ्या दिवशी ती सरकारी दवाखान्यात विचारायला जाणार होती. घोषणा ऐकून थांबली. तिला वाटलं, पोलीस धरतील. मग कोणाकडून तरी गोळ्या मागवल्या. डॉक्टरची चिठ्ठी नाही, तपासणी नाही, किती दिवसांचं आहे हे कोणी विचारलं नाही. चार दिवस रक्त जात होतं. पाचव्या दिवशी जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं. वाचली. गटाच्या वहीत त्या महिन्यात आठ हजारांचं अंतर्गत कर्ज आहे, कारण 'आजारपण'. त्या पानावर तपासणीची सही माझी आहे.

हे मी तिला विचारून सांगतेय. गावाचं नाव सांगणार नाही, तुम्हीही शोधत बसू नका.

आपल्याकडे दोन वेगवेगळे कायदे आहेत आणि आपण त्यांची खिचडी केलीये. एक कायदा गर्भलिंग तपासणीविरुद्धचा. तो सगळ्यात आधी आपल्या महाराष्ट्राने केला, १९८८ साली. देशाचा आला १९९४ला. त्याची गरज होती आणि आहे. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. पोटात मुलगा आहे की मुलगी हे तपासणं, विचारणं, सांगणं गुन्हा आहे. यात मी एक पाऊल मागे येणार नाही.

दुसरा कायदा गर्भपाताचा, १९७१चा. तो त्याच्याही आधीचा. त्याआधी इंग्रजांच्या काळचं कलम होतं, त्यात जीव वाचवण्यापुरती सूट होती. बाकी गर्भपात करणाऱ्यालाही शिक्षा आणि करून घेणाऱ्या बाईलाही. म्हणून बाया थांबत होत्या का? मागे बसलेल्या एका आजींनी मला सांगितलंय, त्यांच्या जावेला सुईणीने काडी घातली होती, ती आठ दिवसांत गेली. अशा मरणांचा विचार करायला सरकारने १९६४ साली समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह आपल्याच राज्याचे मंत्री होते. त्या समितीच्या शिफारशींवरून हा कायदा झाला आणि २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली.

आता नीट ऐका. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बाईच्या जिवाला धोका, शरीराच्या किंवा मनाच्या तब्येतीला मोठी इजा, बाळात गंभीर व्यंग, बलात्कारातून राहिलेले दिवस, किंवा कुटुंबनियोजनाचं साधन फसलं, ही कारणं चालतात. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि ते सगळ्यांना नाही. बलात्कार झालेली, १८च्या आतली, दिवस असताना विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, अशांना आहे. २०२२च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, लग्न न झालेल्या बाईलाही हे मिळालं पाहिजे. त्याच निकालात असंही म्हटलं, की नवऱ्याने जबरदस्ती केली असेल तर या कायद्यापुरता तोही बलात्कारच. हे वाक्य मी बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा चुकला. २४च्या पुढे बाळात मोठं व्यंग असेल तरच, तेही डॉक्टरांच्या मंडळाने मान्य केलं तर. बाईचा जीव वाचवायचा असेल तर आठवड्यांची अट नाही.

आठवडे मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहिता ना, तिथेच तीही तारीख लिहा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर नक्कीच, फडात दिवसांचा हिशेब राहत नाही.

आणि सही. बाई १८ वर्षांची झालेली असेल तर फक्त तिची. नवऱ्याची नाही, सासूची नाही. १८च्या आतली मुलगी किंवा मानसिक आजार असलेली बाई असेल तर पालकाची लागते. डॉक्टरने तिचं नाव बाहेर फोडलं तर त्याला शिक्षा आहे.

कागदावर असं आहे. दिवाळीनंतर मी एका ताईबरोबर खासगी दवाखान्यात गेले. तिचा नवरा पुण्याला वॉचमन. डॉक्टर म्हणाले, त्याची सही आणा. मी कायदा सांगितला. ते म्हणाले, "मॅडम, मला माहीत आहे. उद्या तो येऊन काचा फोडेल, तेव्हा तुम्ही याल का?" मला उत्तर आलं नाही. शेवटी उपजिल्हा रुग्णालयात तिच्या एकटीच्या सहीवर झालं, पण त्यात अकरा दिवस गेले. तिला बारावा आठवडा लागला होता. आणखी उशीर झाला असता तर काय, हे तुम्हीच मोजा.

उशिराचा एक मोठा खटला २०२३ साली सुप्रीम कोर्टात गाजला. बाई २७ वर्षांची, दोन लेकरं, धाकटं अंगावर पिणारं. पाळी आलेलीच नव्हती, म्हणून दिवस गेलेले कळलंच नाही. आपल्यात किती जणींचं असं झालंय, हात वर करू नका, मला माहीत आहे. आधीच्या बाळंतपणानंतर तिच्या मनाची तब्येत बिघडलेली, औषधं चालू. आधी कोर्टाने परवानगी दिली. मग डॉक्टरांनी कळवलं, बाळ जगू शकेल. दोन न्यायाधीश, दोघी बायाच, त्यांची मतं वेगळी झाली. शेवटी तीन न्यायाधीशांनी नाही म्हटलं, कारण २६ आठवडे उलटून गेले होते. ती बाई पहिल्यापासून एकच सांगत होती, मला हे झेपणार नाही.

म्हणजे आपला कायदा बाईला "तू ठरव" असं म्हणत नाही. तो डॉक्टरला म्हणतो, "या कारणांसाठी केलंस तर तुला शिक्षा नाही." जुनं कलम नव्या न्याय संहितेतही आहेच. वाद आहे तो इथे. मला वाटतं, सुरुवातीच्या आठवड्यांत तरी बाईचा शब्द पुरेसा असावा. कारण विचारायचं काम नाही.

तुम्हाला तसं वाटलं पाहिजे असं नाही. आपल्या एका माळकरी मावशींनी मला तोंडावर सांगितलं, "जीव तो जीव, पोरी, पाप ते पाप." मी वाद घातला नाही. त्याच मावशी नंतर आपल्या पुतणीबरोबर दवाखान्यात रात्रभर बसल्या होत्या. सकाळी मला म्हणाल्या, पाप आहे हे मी अजूनही म्हणते, पण ती एकटी कशी जाईल?

यंदाच्या फेरीच्या घोषणा मी एकटी लिहिणार नाही. ग्रामसंघाच्या तीन जणी बसा माझ्याबरोबर. पुठ्ठा मोठा आणू. आणि वहीत 'आजारपण' लिहायचं की नाही, हे ज्या बाईचं कर्ज आहे तिला विचारून ठरवू.

चहा आलाय. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही, त्यांनी मागे थांबा. माझी गाडी पावणेसहाची आहे.