बंद पेटीतली उत्तरं
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



शाळेत आपल्याला गुण द्यायचे ते सर आणि बाई. या वर्षी माजी विद्यार्थी समितीने मला उलटं काम दिलं : शाळेचं वातावरण शिक्षकांना कसं वाटतं, ते मोजायचं. मी पडले सॉफ्टवेअरवाली. अर्ध्या तासात ऑनलाइन फॉर्म तयार! नाव विचारलं नाही. फक्त विषय आणि नोकरीची वर्षं. सगळ्यांनी पाचपैकी पाच गुण दिले. मी खूश.

मग एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, चित्रकलेला शाळेत मी एकटीच आहे. नाव वेगळं कशाला हवं?"

चूक माझीच होती. मग जरा वाचलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हॅल्पिन आणि क्रॉफ्ट यांनी ७१ प्राथमिक शाळांत हेच मोजलं होतं. त्यांच्या प्रश्नावलीत ६४ विधानं होती. शाळा आवडते का, असं ती विचारत नाही. अमुक गोष्ट इथे क्वचित घडते, कधीकधी, बऱ्याचदा की वारंवार, एवढंच विचारते. आणि उत्तरं एकत्र करून चित्र काढायचं ते शाळेचं, एकेका शिक्षकाचं नव्हे. त्यातला एक घटक आहे 'अडथळा', म्हणजे शिकवण्याच्या आड येणारी कागदी कामं.

दुसऱ्या वेळी मी छापील कागद वाटले. फक्त खूण करायची, म्हणजे अक्षरही ओळखू येणार नाही. शिक्षक-खोलीत बंद पेटी ठेवली. मुख्याध्यापक आपणहून म्हणाले, "ती माझ्यासमोर उघडू नका."

या वेळी पाचपैकी पाच कुठेच नव्हतं. सहकारी अडचणीला धावून येतात, यापुढे बहुतेकांची खूण 'वारंवार'वर होती. आणि ऑनलाइन माहिती भरण्यासाठी वर्गावरचा तास सोडावा लागतो, यापुढेही 'वारंवार'च.

मित्रहो, प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी आपण वर्गणी जमवली आहे. माझीही आहे. माझी विनंती आहे, कमान एक वर्ष थांबू दे. त्या पैशातून माहिती भरायला एक अर्धवेळ माणूस नेमू. पुढच्या वर्षी तेच कागद पुन्हा भरून घेऊ. ती खूण 'वारंवार'वरून 'कधीकधी'वर सरकली, तर आपल्या बाई तेवढे तास वर्गात असतील.