वाटाड्या यंत्र



मोटारीत बसविलेल्या किंवा मोबाईलमध्ये सामावलेल्या वाटाड्या यंत्राविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. सिल्लोड हे रस्त्यावरचे गाव. संभाजीनगराहून अजिंठ्याकडे व पुढे जळगावकडे जाणारी वाहने आपल्या दारावरून जातात. लेणी अजिंठा गावातच आहेत अशा समजुतीने कित्येक प्रवासी त्या गावी उतरून विचारू लागत आणि घाट उतरून फर्दापूरच्या बाजूला जावे लागेल, असे कुणीतरी त्यांना सांगत असे. आता हे काम यंत्र करते.

ते कसे करते? उपग्रह वरून आपल्याला पाहतो, अशी समजूत आहे. ती खरी नव्हे. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली जागा आणि वेळ सतत सांगत राहतात. यंत्र केवळ ऐकते. चार उपग्रहांचे संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून ते आपले ठिकाण काढते. मूळची ही लष्करी सोय. सामान्यांसाठी तिच्यात मुद्दाम ठेवलेली चूक सन २००० मध्ये काढून टाकण्यात आली. आपल्या देशाने २०१६ साली सातवा उपग्रह सोडून 'नाविक' ही स्वतःची व्यवस्था उभी केली.

उपयोग तर रोजचेच आहेत. मिरचीची गाडी परमुलखातल्या बाजारात न्यावयाची, रात्री रुग्णाला घेऊन घाटी रुग्णालय गाठावयाचे, पुढे वाहने तुंबली असतील तर वेळीच दुसरी वाट धरावयाची. यंत्र बोलून सांगते, म्हणून चालकाला नजर रस्त्यावर ठेवता येते. अनोळखी शहरात एकट्याने मोटार चालविणाऱ्या भगिनीला दर चौकात कुणा परक्यापुढे काच खाली करावी लागत नाही, हा लाभ लहान समजू नये.

परंतु एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे. आपण कोठे आहोत, हे आकाशातून कळते. रस्ता कोठे आहे, हे नकाशातून. नकाशा माणसांनी केलेला असतो आणि तो जुना होतो. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली एक मोटार यंत्राने दाखविलेल्या वाटेने रात्री पुलावर गेली. तो पूल धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून वाचले, चालक बुडाला. जवळची वाट कोणती, हे यंत्राला ठाऊक होते; पाणी किती, हे ठाऊक नव्हते.

मग माणसाचेच ऐकावे काय? तेही सरसकट नव्हे. शेजारच्या जालना जिल्ह्यात असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी झाली. केळणा नदीला जवळपास दुसरा उतार नाही, असे वाटाडे वेलस्लीला सांगत होते. त्याने दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली गावे पाहिली आणि त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क केला. उतार सापडला, पुढे काय झाले, ते आपण जाणतोच.

तात्पर्य, वाटाड्या यंत्र असो वा मनुष्य, आपले डोळे त्याच्या स्वाधीन करू नयेत. पावसाळ्यात फरशीपुलावरून पाणी वाहत असेल, तर यंत्र 'सरळ जा' म्हणाले तरी थांबावे. आणि आपल्या शिवारातला रस्ता नकाशात चुकला असेल, तर तो दुरुस्त करण्याची सूचना मोबाईलवरूनच पाठविता येते. रस्ता बंद असेल तर ती सूचना पाठवावी, आणि जागेवर दिवसा व रात्री दिसेल असा अडसर व फलकही लावून घ्यावा. सिल्लोडकर आजवर वाटसरूला तोंडाने वाट सांगत आले. यापुढे वाटसरू विचारावयास थांबणार नाही, पण म्हणून आपले ते कर्तव्य संपत नाही.