उत्तर बरोबर आहे, हे कुणी सांगायचं?

बीजगणित शिकवताना माझ्या हातून एकदा एक चूक झाली. ती आज तुम्हाला सांगतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घेऊन बसा.

दहावीच्या वर्गात दोन चलांतली समीकरणं चालू होती. गणित साधंच होतं. तीन वह्या आणि दोन पेन मिळून 80 रुपये, एक वही आणि एक पेन मिळून 30 रुपये. तर प्रत्येकाची किंमत किती? एका मुलानं वहीची किंमत क्ष मानली, पेनाची य. दुसऱ्या समीकरणाला दोननं गुणलं, 2क्ष + 2य = 60 आलं, ते पहिल्यातून वजा केलं. क्ष आला 20, म्हणून य 10. वही पुढे करून तो म्हणाला, "सर, बरोबर आहे का?" मी घाईत होतो. "गाईडमध्ये मागे उत्तर आहे, बघून घे," म्हणालो आणि पुढे गेलो.

गाईडमध्ये वही 10 आणि पेन 20 असं उलट छापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पोरानं आपली सगळी रीत खोडून टाकलेली. कागद फाटायच्या बेताला आला होता, आणि त्यावर ती छापील चूक सुवाच्य अक्षरात उतरवलेली. छापणाऱ्याला मी काय बोलणार? ताळा कसा घ्यायचा, हे मीच त्या मुलाला नीट शिकवलं नव्हतं.

ताळ्याला अर्धं मिनिट पुरतं. 10 आणि 20 मिळून 30, म्हणजे दुसरी अट जुळते. पुष्कळ मुलं इथंच थांबतात. पण पहिल्या अटीत घालून पाहा. तीन वह्यांचे 30, दोन पेनांचे 40, एकूण 70. हवे होते 80. म्हणजे उत्तर चूक, मग ते कुठंही छापलेलं असो.

हेच आलेखाच्या कागदावर डोळ्यांना दिसतं. प्रत्येक समीकरण म्हणजे एक रेषा. (10, 20) हा बिंदू दुसऱ्या रेषेवर आहे, पहिलीवर नाही. (20, 10) दोन्ही रेषांवर आहे, कारण त्या छेदतात तिथंच. फ्रान्सच्या देकार्तनं 1637 साली समीकरण आणि आकृती यांची सांगड घालणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या मुलांना त्याचा रोजचा उपयोग हाच, की एकाची चूक दुसरं दाखवून देतं.

चढाचं गणित घ्या. बिंदू (−1, 4) आणि (3, −4). य मधला फरक −8. क्ष मधला फरक 3 − (−1), म्हणजे 4. चढ आला −2. बरीच मुलं इथं 3 मधून 1 वजा करून 2 लिहितात आणि चढ −4 काढतात. ब्रह्मगुप्तानं 628 साली धन आणि ऋण संख्यांचे नियम सांगितले, ते संपत्ती आणि कर्ज या अर्थानं. तसाच विचार करा. एक रुपया कर्ज असलेल्या माणसाच्या गाठीला तीन रुपये यायचे, तर त्याला चार कमवावे लागतात. तरी शंका उरली तर आलेखावर घरं मोजा. उजवीकडे चार, खाली आठ.

पालकांना एक सांगणं आहे. तुम्हाला बीजगणित येत नसलं तरी चालेल. मुलानं विचारलं, "उत्तर बरोबर आहे का?" तर एवढंच म्हणा, "दोन्ही समीकरणांत घालून पाहिलंस का?"

त्या मुलाला मी ते गणित पुन्हा करायला लावलं. या वेळी त्यानं मला काही विचारलं नाही. उत्तराखाली स्वतःच लिहिलं, 'ताळा जुळला', आणि वही मिटून पुढचं गणित घेतलं.