बाहेरचं जेवण झाडाला परवडतं का?



साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर पावसाळ्यात दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती उगवते. पानांवरच्या केसांच्या टोकाशी चिकट थेंब असतात आणि त्यांत चिलटं अडकतात. शेजारी फुललेली सीतेची आसवंही शिकारीच. ओल्या मातीतले सूक्ष्म जीव ती आपल्या बारीक पिशव्यांत ओढून घेतात. जांभ्यावरच्या मातीच्या पातळ थरात नत्र फार थोडं. ते मिळवायला या वनस्पती बाहेर जेवतात.

पण बाहेर जेवायचं तर पैसे मोजावे लागतात, तसंच इथंही आहे. चिकट रस करायला साखर खर्च होते आणि सापळा झालेलं पान उन्हातून अन्न बनवण्यात मागे पडतं. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस गिव्हनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली हा जमाखर्च मांडला. जागा उघडी, ओल भरपूर आणि माती निकस असेल, तरच हा व्यवहार परवडतो.

हा हिशेब झाड प्रत्यक्ष करतं कसं, हे पाहावं अमेरिकेच्या कॅरोलिनातल्या व्हीनस फ्लायट्रॅपमध्ये. तिच्या पानाच्या आतल्या केसाला एकदा धक्का लागला तर काहीच होत नाही. तो वाऱ्यानं उडालेला कचराही असेल. साधारण वीस सेकंदांत दुसरा धक्का लागला, की पान क्षणात मिटतं. पहिल्या धक्क्याची आठवण पेशींत वाढलेल्या कॅल्शियमच्या रूपात टिकून असते. तरीही पाचकरस लगेच सुटत नाही. आत अडकलेला किडा धडपडत राहिला आणि धक्के पाचेक झाले, की मगच तो महागडा रस तयार होऊ लागतो. जर्मनीतल्या व्युर्झबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ही मोजणी दाखवून दिली. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, आणि तरी खर्च करण्याआधी खात्री करून घेणं आहे! याला बुद्धी म्हणायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

आणि घरातच अन्न आलं तर? स्वीडनच्या दलदलींत दवबिंदूच्याच एका भाईबंदाचा अभ्यास झाला. स्वच्छ भागात ही झाडं निम्म्याहून अधिक नत्र किड्यांतून घेत होती. हवेतल्या प्रदूषणामुळे पावसातून नत्र उतरत होतं तिथं हा वाटा पाव हिश्शाच्या आसपास आला. पानं हिरवी झाली, चिकटपणा घटला. मात्र हे आयतं नत्र त्यांच्या भल्याचं ठरत नाही. निकस जमिनीवर त्यांच्याशी स्पर्धा करायला कुणी नसतं. नत्र वाढलं की उंच गवतं येतात आणि या ठेंगण्या झाडांचं ऊन अडवतात. म्हणून सड्यावरची ही निकस माती खत न पडता निकसच राहायला हवी.